एच इंडेक्स काढायला सांगितलाय? आधी माझी फजिती वाचा

एम.लिब. करून कॉलेजच्या लायब्ररीत जॉइन झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात प्राचार्य सरांनी बोलावून सांगितलं, सगळ्या स्टाफचा एच इंडेक्स काढून एका एक्सेलमध्ये द्या, आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या, मीटिंगला लागतोय. एच इंडेक्स म्हणजे एखाद्याच्या पेपरांचा दुसऱ्यांनी आपल्या लेखनात किती वेळा संदर्भ दिला, म्हणजे किती सायटेशन मिळाली, त्यावरून काढलेला आकडा. मला वाटलं यात काय, गूगल स्कॉलर उघडायचं, नाव टाकायचं, उजव्या बाजूला आकडा दिसतो तो उतरवून घ्यायचा. दोन दिवसांत ६२ जणांची यादी झाली पण, आणि मी शहाणीनं ती मोठ्या आकड्यापासून लहानाकडे सॉर्ट करून वरच्या पाच जणांना पिवळा रंगही देऊन ठेवला. केमिस्ट्रीचे एक सर २४ वर, एकदम तळाला इतिहासाच्या मॅडम, २. संध्याकाळी कुणीतरी ती यादी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पुढचे पंधरा दिवस मी डबा लायब्ररीतच खाल्ला, स्टाफरूमकडे फिरकले नाही.

आता हे काम करून बरीच वर्षं झाली आणि दर जूनमध्ये कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून नवीन जॉइन झालेल्या कुणाचा तरी फोन येतो की ताई एच इंडेक्स कसा काढायचा, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

काढायला सोपा आहे. माणसाचे पेपर सायटेशननुसार उतरत्या क्रमानं लावायचे, शेजारी १, २, ३ असे नंबर घालायचे आणि खाली खाली जायचं, जिथपर्यंत सायटेशन नंबरापेक्षा कमी होत नाहीत तिथला शेवटचा नंबर म्हणजे एच. समजा ४०, २२, १५, ९, ७, ६, ६, ३, १ असे नऊ पेपर आहेत, तर सहाव्या पेपरला ६ सायटेशन आहेत म्हणजे बसतंय, सातव्यालाही ६च आहेत म्हणजे नाही बसत, एच झाला ६. आता त्या ४०च्या जागी ४००० घालून बघा. एच अजूनही ६च! म्हणजे एखाद्यानं आयुष्यात एकच जबरदस्त काम केलं तर ते या आकड्यात दिसतच नाही. ही भानगड लक्षात आल्यावर लिओ एग्गे यांनी २००६ मध्ये जी इंडेक्स काढला, त्यात वरच्या पेपरांच्या वजनाला किंमत मिळते, पण आपल्याकडे कुणी विचारत नाही तो. आय टेन म्हणजे किमान १० सायटेशन असलेले पेपर किती, आपल्या उदाहरणात ३, आणि तो फक्त गूगल स्कॉलर देतं.

एच इंडेक्स काढला जॉर्ज हिर्श यांनी, २००५ मध्ये, आणि हे गृहस्थ सॅन डिएगोच्या विद्यापीठातले फिजिक्सवाले. त्यांचा हिशोब फिजिक्सवाल्यांसाठीच होता, आणि त्याच पेपरात त्यांनी सांगून ठेवलंय की जीवशास्त्राकडचे आकडे वेगळे असतात, फिजिक्समध्ये एडवर्ड विटन ११० वर तर तिकडे सॉलोमन स्नायडर १९१ वर. म्हणजे ज्यानं फूटपट्टी बनवली त्यानंच म्हटलं की ही दुसऱ्याच्या घरी नेऊन लावू नका, आणि मी मात्र तिनं केमिस्ट्री, गणित, इतिहास, मराठी सगळं एका रांगेत मोजलं.

पहिला दणका मला नावांनी दिला. आपल्याकडे एस. एस. पाटील किती असतील सांगा, आणि त्यातले केमिस्ट्रीतले किती. माझ्या यादीतल्या एका पाटील सरांच्या प्रोफाइलमध्ये स्कॉलरनं आपोआप दुसऱ्या दोन पाटलांचे पेपर ओतले होते, त्यात एक डाळिंबावरच्या रोगाचा होता आणि सर तर नॅनोपार्टिकलवाले. सरांनी कधी बघितलंच नव्हतं, ऑटो अपडेट चालू, आकडा वाढतोय म्हणून खूश. उलटा त्रास बायकांना. लग्नाआधीचे पेपर वडिलांच्या नावानं, नंतरचे नवऱ्याच्या नावानं आणि वेगळ्या आडनावानं, मग एका बाईचे दोन अर्धे लेखक होतात आणि दोघींचा एच बारका राहतो. म्हणून कुणीही नवीन आलं की मी आधी ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा नाव बदललं तरी न बदलणारा नंबर, काढायला लावते, २०१२ पासून आहे, फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. आणि स्कॉलरमध्ये ऑटो अपडेट बंद करून पेपर आधी मला दाखवा मग जोडा, अशी सेटिंग असते ती लावा.

दुसरं म्हणजे आकडा कुठून आणला. त्याच केमिस्ट्रीच्या सरांचा स्कॉलरवर २४, स्कोपसवर १९. दोन्ही खरे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशनचे डेटाबेस आपापल्या निवडक यादीतलंच मोजतात आणि स्कॉलर थिसिस, पुस्तकं, कुणाच्या वेबसाइटवरची पीडीएफ असं दिसेल ते मोजतं. म्हणून माझ्या शीटमध्ये आता आकड्याच्या शेजारी दोन कॉलम सक्तीचे आहेत, कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला. हे नसेल तर मी सही करत नाही, प्राचार्यांनी सांगितलं तरी.

आता इतिहासाच्या मॅडम. पंधराव्या दिवशी त्या स्वतःच लायब्ररीत आल्या, रागावल्या वगैरे नव्हत्या, चहा मागवला आणि म्हणाल्या, "अगं, माझं पुस्तक तू कुठं मोजलंस?" मॅडमचं वतनांवरचं एक पुस्तक आहे, मोडी कागद वाचून लिहिलेलं, मराठीत. स्कॉलरवर ते होतं पण सायटेशन ४. मी म्हटलं मॅडम तिथं जे दिसलं ते घेतलं. त्या उठल्या, रॅकवरून दोन पीएच.डी.चे प्रबंध काढले, मागची संदर्भसूची उघडून बोट ठेवलं. दोन्हीत त्यांचं पुस्तक. मग मला चैन पडेना, शोधगंगावर, म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेल्या साइटवर, त्यातला एक प्रबंध सापडला, पीडीएफमध्ये मॅडमचं आडनाव सर्च केलं तर शून्य. समोर डोळ्यांना दिसतंय आणि सर्चमध्ये शून्य! ती ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केली तेव्हा कळलं, तिथं मराठी नव्हतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला आला. प्रबंध टाइप केलेला जुन्या नॉन युनिकोड फाँटमध्ये, त्यामुळे आपल्याला दिसतं मराठी आणि मशीनला दिसतो कचरा. आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच टायपिंग झालंय, आणि जे टाइपसुद्धा नाहीत, नुसते स्कॅन आहेत, त्यांचं तर विचारूच नका. मग मी एक शंभर पानी वही घातली आणि आमच्या आणि शेजारच्या दोन कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत सुट्टीच्या दिवशी बसून संदर्भसूच्या हातानं चाळल्या. २९ ठिकाणी सापडलं ते पुस्तक. २००६ च्या प्रबंधात आहे आणि गेल्या वर्षीच्या पुस्तकातही आहे.

हाही विषयाविषयातला फरक बरं का. केमिस्ट्रीचा पेपर दोन-तीन वर्षांत गाजला तर गाजला, इतिहासाचं पुस्तक वीस वर्षांनी पण वाचलं जातं, आणि तिथं लेखक एकटा असतो. फिजिक्समध्ये २०१५ ला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या दोन टीमनी मिळून हिग्ज नावाच्या कणाच्या वस्तुमानावर पेपर काढला त्यावर ५१५४ लेखक आहेत, ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था! त्याचं सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात अख्खं जातं. आणि ज्यांचं नाव त्या कणाला दिलंय त्या पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर उभ्या आयुष्यात दहापेक्षा कमी पेपर लिहिले, आमच्या एक्सेलमध्ये ते मॅडमच्या आसपासच बसले असते.

मग करायचं काय? मी ॲन-विल हार्झिंग यांचं पब्लिश ऑर पेरिश हे सॉफ्टवेअर वापरते, २००६ पासून फुकट मिळतं, फक्त स्कॉलरवर भराभर सर्च मारत सुटू नका, थोड्या वेळानं गूगल तुम्हाला रोबोट समजून अडवतं. त्यात एचआय ॲन्युअल म्हणून आकडा येतो. प्रत्येक पेपरची सायटेशन लेखकांच्या संख्येनं भागायची, त्यावरून एच काढायचा आणि मग पहिल्या पेपरपासून किती वर्षं झाली त्यानं भागायचं. केमिस्ट्रीच्या सरांचे पेपर सहा-सात जणांचे, त्यांचे २४ भागून झाले १०, करिअर २० वर्षांचं, म्हणजे ०.५. आमच्या गणिताच्या सरांचा साधा एच ७, पण बहुतेक पेपर एकट्याचे, भागून ५ राहिले, ११ वर्षं झाली, म्हणजे ०.४५. यादीत एक पहिला आणि एक चाळिसावा होता, इथं दोघं मांडीला मांडी लावून बसलेत. पण यानं मॅडमचं काही भलं होत नाही, जे सायटेशन मोजलंच गेलं नाही त्याला कशानंही भागा.

एक अजून, दरवर्षी गावात फ्लेक्स लागतात, जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत आमचे सर, स्टॅनफर्डची यादी वगैरे. ती स्टॅनफर्ड विद्यापीठ काढत नाही, तिथले प्राध्यापक जॉन इओअनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसचा डेटा घेऊन काढतात. त्यात सहलेखक, पहिला-शेवटचा लेखक, सेल्फ सायटेशन (स्वतःच स्वतःचा संदर्भ देणं) यांचा विचार आहे आणि उपविषयानुसार क्रम दिलाय, म्हणजे माझ्या त्या पिवळ्या यादीपेक्षा फारच बरी. पण त्यात दोन फायली असतात, एक आख्ख्या करिअरची आणि एक फक्त त्या एका वर्षाची, फ्लेक्सवर कुठली ते कधीच लिहिलेलं नसतं. विचारून घ्या.

प्रमोशनच्या फाइलसाठी मात्र यूजीसीचे २०१८ चे नियम बघा, तिथं खेळ वेगळा, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर गुण, म्हणजे त्या जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावर. गंमत म्हणजे त्यात इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे असं लिहिलंय आणि ती यादी काढायचा धंदा त्या कंपनीनं २०१६ मध्येच विकला होता, आता तो क्लॅरिव्हेट कंपनीकडे आहे, त्यामुळे नाव जुळत नाही म्हणून कुणी फाइल अडवली तर हे सांगा.

यंदा प्राचार्य सरांनी परत यादी मागितली. मी विभागवार वेगवेगळी पानं केली, सॉर्ट आडनावानं, आणि इतिहास, मराठी, संस्कृतच्या पानांवर पुस्तकांची वेगळी नोंद. सोबत लायडन मॅनिफेस्टोची प्रिंट जोडली, संशोधन आकड्यांनी मोजताना काय पाळायचं त्याचा हा जाहीरनामा, २०१५ ला नेचर या जर्नलमध्ये आलेला, त्यातला तिसराच मुद्दा स्थानिक महत्त्वाचं संशोधन जपा असा आहे, त्याला हायलाइटर मारला. सरांनी सगळं उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "छान, पण यात पहिला कोण ते कुठं आहे?"

मॅडमच्या पुस्तकाला स्कॉलरवर अजून ४च आहेत. वहीत काल ३१ झाले.