उदारपणा अंगी बाणवताना

एखादा गुण अंगी बाणला असे केव्हा म्हणावे, याची चिकित्सा ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) 'निकोमाखियन एथिक्स' या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात केली आहे. कृती चांगली असून भागत नाही. ती जाणून, तिच्यासाठीच निवडून आणि स्थिर वृत्तीने केलेली असावी, अशा तीन अटी तो घालतो. ही निवड ज्या दृष्टीने होते, तिला तो 'फ्रोनेसिस' म्हणतो. तिला व्यावहारिक प्रज्ञा म्हणता येईल, पण मला रोजच्या बोलण्यातले 'तारतम्य' अधिक जवळचे वाटते.

उदारपणाचेच उदाहरण घेऊ. मुळातच हात सैल असणे म्हणजे उदारपणा नव्हे. धडधाकट शरीर डोळ्यांवाचून चालू लागले तर तितक्याच जोराने आपटते, असे ॲरिस्टॉटल अशा उपजत गुणांविषयी सांगतो. म्हणून प्रथम आपला कल ओळखावा. गेल्या काही महिन्यांत कोणाला काय दिले, कोणाला नाकारले आणि तेव्हा मनात काय आले, हे वहीत लिहून काढावे. बरेचसे देणे भिडेखातर झाल्याचे आढळले, तर काही काळ मुद्दाम हात आखडता घ्यावा, कारण वाकलेले लाकूड सरळ करायला ते उलट बाजूला ओढावे लागते.

खरा कस प्रसंगी लागतो. समजा, घरकामाच्या मावशी ओटा पुसता पुसता, मान वर न करता, मुलीच्या फीसाठी पाच हजारांची उचल मागतात. 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी फी कधी भरायची आहे ते विचारावे, आणि उचल पगारातून कापली तर त्यांचा पुढचा महिना कसा निघेल याचा हिशेब करावा. कदाचित निम्मी रक्कम उचल म्हणून आणि निम्मी परत न घेण्याच्या बोलीवर देणे योग्य ठरेल. कदाचित सगळीच उचल देऊन दरमहा थोडीथोडी वळती करणे त्यांच्या स्वाभिमानाला अधिक मानवेल. हे कोणत्याही नियमात सापडत नाही. पैसे मात्र पाहुण्यांसमोर देऊ नयेत.

तरुणपणी भूमितीत पारंगत होता येते, तारतम्य मात्र अनुभवाशिवाय येत नाही, असेही ॲरिस्टॉटल म्हणतो. तेव्हा अडल्यास घरातल्या जाणत्या माणसाला विचारावे. दिल्यानंतर मनात कुरकुर उरली का, तेही वहीत नोंदवावे, कारण उदार माणसाला देताना आनंद होतो, निदान क्लेश तरी होत नाहीत. पुढच्या खेपेला मावशी काही मागू लागल्या, तर रकमेचा आकडा कानी पडण्याआधी त्यांचा ओट्यावर थबकलेला हात आपल्याला दिसला का, तेही त्यात लिहावे.