ईबी असलेल्या बाळाचा आवाज घोगरा झाला, तर काय करावे

एपिडर्मोलायसिस बुलोसा, म्हणजेच ईबी, या दुर्मीळ जनुकीय आजारात साध्या घासण्यानेही कातडीवर फोड येतात. घरच्यांचे सारे लक्ष ड्रेसिंगकडे लागलेले असते. परंतु काही प्रकारांत, विशेषतः जंक्शनल ईबीमध्ये, स्वरयंत्राच्या आतल्या आवरणावरही फोड येतात, ते भरताना व्रण आकसतात आणि तान्ह्या बाळाची मुळातच अरुंद असलेली श्वासाची वाट आणखी अरुंद होते.

म्हणून सर्वप्रथम रडणे नीट ऐकावे. ते घोगरे किंवा क्षीण झाले, तर सर्दीने घसा बसला असेल असे समजून थांबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवावे. बाळ झोपलेले असताना अंगावरचे पांघरूण बाजूला करून मिनिटभर पाहावे: श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो का, गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का? हा आवाज येतो-जातो, त्यामुळे मोबाइलवर केलेले चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

घरात धुरी देऊ नये, गरम पाण्याची वाफ देऊ नये आणि कफ काढण्यासाठी घशात बोट तर मुळीच घालू नये. आजीने मायेने फिरवलेल्या त्या बोटानेही तोंडात नवे फोड येऊ शकतात. बाळाला फार वेळ रडू देऊ नये, कारण रडण्याचा ताण स्वरतंतूंवरच येतो.

आराम करतानाही श्वासाचा आवाज येऊ लागला, दूध ओढता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच १०८ ला फोन करावा. बाळाला काखेत धरून उचलू नये. मऊ दुपट्यासह अलगद उचलून मांडीवर उभे धरावे, आडवे निजवू नये.

रुग्णालयात नेहमीचे उपायच इजा करू शकतात, म्हणून एक कागद आधीच लिहून फाइलमध्ये ठेवावा: चिकटपट्टी कुठेही लावू नये, नळ्या मऊ पट्टीने बांधाव्यात, ऑक्सिजन मास्कच्या कडा कातडीवर घासू देऊ नयेत, सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणे, गरज असेल तरच आणि मऊ, वंगण लावलेल्या नळीने करावे, श्वासनलिकेत नळी घालायची झाल्यास ती नेहमीपेक्षा लहान असावी आणि ती अनुभवी भूलतज्ज्ञांनी घालावी. त्या कागदाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्यावा.

सूज उतरवण्यासाठी नेब्युलायझरमधून अ‍ॅड्रेनालिन किंवा स्टिरॉइड दिले जाते. श्वासाची वाट वारंवार बंद होऊ लागली, तर गळ्याला छिद्र पाडून श्वासाची सोय करण्याचा, म्हणजे ट्रेकिओस्टोमीचा, प्रश्न पुढे येतो. हा निर्णय मध्यरात्रीच्या धावपळीत आई-वडिलांवर येऊन पडू नये, असे मला कळकळीने वाटते. गंभीर जंक्शनल ईबीतील बहुतेक बाळे पहिल्या दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. तेथे शस्त्रक्रिया न करता केवळ वेदनाशमन निवडणारे पालकही बाळावर तितकेच प्रेम करत असतात. प्रकार कोणता हे जनुकीय तपासणीतून कळते, तेव्हा तो अहवाल हाती येताच बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि वेदनाशमन करणारे डॉक्टर यांच्यासोबत एकत्र बसण्याची वेळ मागून घ्यावी.