बडोद्यात नवी माध्यमिक शाळा: सात-बाऱ्यापासून बीयू परवानगीपर्यंत

बडोद्यात नवी माध्यमिक शाळा काढायची तर ट्रस्टला दोन वेगळ्या परवानग्या मिळवाव्या लागतात, आणि पुष्कळ विश्वस्त त्या एकच समजून चालतात. शाळेची नोंदणी 1972 च्या कायद्याखाली गांधीनगरचे गुजरात माध्यमिक आणि उच्चतर माध्यमिक शिक्षण बोर्ड करते. इमारतीची परवानगी, जिला इथे सगळे रजाचिठ्ठी म्हणतात, ती शहराच्या हद्दीत महानगरपालिका देते आणि हद्दीबाहेरच्या विकास क्षेत्रात वुडा, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरण. बोर्डाकडून नोंदणी मिळाली म्हणून बांधकाम वैध ठरत नाही, आणि नकाशा मंजूर झाला म्हणून नववीचा वर्ग भरवता येत नाही. इथे मी मुख्यतः इमारतीच्या वाटेविषयी लिहितो आहे, कारण ट्रस्टचा पैसा अडकतो तो तिथेच.

सुरुवात नकाशापासून न करता जमिनीपासून करावी. बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, करण्यापूर्वी सात-बारा आणि आठ-अ हे उतारे तर पाहावेतच, पण त्याबरोबर वुडाचा झोनिंग दाखला आणि नगररचना योजनेचा, म्हणजे टी.पी. स्कीमचा, पार्ट प्लॅन हातात घ्यावा. हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या ट्रस्टने एका जमिनीचा बयाणा केवळ सात-बाऱ्यावर दिला होता. उतारा स्वच्छ होता, मालकही एकच होता. पुढे आर्किटेक्टने पार्ट प्लॅन टेबलावर पसरला, तेव्हा आम्ही ज्या तुकड्यावर मुलांचे मैदान कल्पिले होते त्याच्या बरोबर मधून योजनेतला रस्ता तिरपा गेलेला दिसला. सात-बारा मालकी सांगतो, आखणी सांगत नाही. बयाणा परत मिळाला, पण शाळेचे एक वर्ष गेले.

टी.पी. स्कीम नीट समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे. गुजरात नगररचना आणि शहरी विकास अधिनियम, 1976 नुसार योजनेतील सुमारे 40 टक्के जमीन सार्वजनिक कामांसाठी घेता येते: 15 टक्के रस्त्यांना, 5 टक्के बागा व मैदानांना, 5 टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सामाजिक सुविधांना आणि 15 टक्के प्राधिकरणाला विक्रीसाठी. म्हणजे मूळ खंड, ज्याला ओ.पी. म्हणतात, दहा हजार चौरस मीटरचा असेल तर अंतिम खंड, म्हणजे एफ.पी., सहा हजारांच्या आसपास येऊ शकतो. शिवाय त्याचा आकार आणि कधी कधी जागाही बदलते. वर्गखोल्या, मैदान आणि वाहनतळ यांचे गणित नेहमी एफ.पी.च्या क्षेत्रफळावर मांडावे. योजना अजून मसुद्याच्या अवस्थेत असेल, तर एफ.पी.विषयी लेखी अभिप्राय मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जमीन शेतीची असल्यास आणखी दोन अडथळे आहेत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर गणोत, म्हणजे कूळ, कायद्याच्या कलम 63 चे बंधन असल्यामुळे ट्रस्टने खरेदीखतापूर्वी वकिलाकडून ही बाजू तपासून घ्यावी. त्यानंतर महसूल कायद्याच्या कलम 65 खाली बिनशेती, म्हणजे एन.ए., परवानगी मिळवावी आणि अर्जात हेतू शैक्षणिक असाच लिहावा. जमीन नव्या शर्तीची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर सरकारला प्रीमियम भरावा लागतो आणि ती रक्कम अंदाजपत्रक कोलमडवण्याइतकी मोठी असू शकते. तेव्हा जुनी शर्त की नवी शर्त, हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्याच भेटीत विचारावा.

अनेक जुन्या ट्रस्टांकडे दांडिया बाजार, रावपुरा किंवा चार दरवाजांच्या आत, म्हणजे जुन्या शहरात, वाडे आहेत, आणि तिथेच शाळा भरवावी अशी विश्वस्तांची मनापासून इच्छा असते. ती इच्छा मला समजते. पण शाळेची परवानगी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि ज्या गल्लीत अग्निशामक बंब वळत नाही तिथे शेकडो मुले बसवू नयेत. वाडा कार्यालय, वाचनालय किंवा संध्याकाळच्या शिकवणीसाठी ठेवावा, शाळेसाठी रुंद रस्त्यावरची जागा शोधावी.

जागेची उंचीही पाहावी. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट आहे आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी 35 फुटांच्या वर गेले होते. जागेच्या शेजारच्या घरांच्या भिंतींवर त्या पुराच्या खुणा अजून दिसत असतील, तर टेपने त्यांची उंची मोजून घ्यावी आणि जोत्याची पातळी त्यावरून ठरवावी. नदी, कोतर (घळ) किंवा कांस (पावसाळी नाला) जवळ असल्यास सोडायचे अंतर आर्किटेक्टकडून नकाशावर दाखवून घ्यावे. हरणीच्या बाजूला विमानतळामुळे उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागू शकते.

नकाशा 2017 च्या सर्वसमावेशक विकास नियमावलीप्रमाणे, म्हणजे सी.जी.डी.सी.आर.प्रमाणे, तयार होतो आणि नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर तो ओ.डी.पी.एस. या ऑनलाइन प्रणालीवर दाखल करतो. विश्वस्तांनी सही करण्यापूर्वी एक गोष्ट स्वतः वाचावी: वापराच्या रकान्यात शाळा असेच लिहिले आहे ना? लवकर मंजुरी मिळावी म्हणून राहत्या घराचा किंवा दुकानांचा नकाशा मंजूर करून घ्यायचा आणि मागाहून वर्ग भरवायचे, असा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला कधीही मानू नये. वापर बदलला की मंजुरीचा आधारच जातो, आणि सील लागते तेव्हा मुले ऐन परीक्षेत रस्त्यावर येतात.

अग्निसुरक्षेसाठी नकाशाच्या टप्प्यावरच अग्निशमन खात्याचा अभिप्राय घ्यावा. कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या आगीत 94 मुले गेली, आणि त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांना राष्ट्रीय इमारत संहितेतील अग्निनियम पाळण्याचे आदेश दिले. सुरतेत 24 मे 2019 रोजी शिकवणी वर्गाच्या आगीत 22 विद्यार्थी दगावले. ही नावे मनात ठेवून जिन्याचा नकाशा पाहावा. जिने किमान दोन आणि एकमेकांपासून लांब असावेत, संहितेप्रमाणे प्रत्येकाची रुंदी दीड मीटरपेक्षा कमी नसावी, खिडक्यांना उघडता न येणाऱ्या जाळ्या नसाव्यात आणि गच्चीच्या दाराला कुलूप नसावे. तळमजल्यावर 1:12 पेक्षा तीव्र नसलेला उतार चाकाच्या खुर्चीसाठी असावा. जमिनीचा माती-अहवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची जबाबदारी यांत काटकसर करू नये. 26 जानेवारी 2001 चा भूकंप या राज्याने पाहिलेला आहे.

रजाचिठ्ठी हाती आल्यापासून एका वर्षात काम सुरू करावे लागते. देणग्या जमायला वेळ लागणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण मागावे. जोते, पहिला मजला, मधला मजला आणि शेवटचा मजला, प्रत्येक टप्प्याचे प्रगती-प्रमाणपत्र वेळेवर दाखल करावे. ठेकेदाराने जागेवर काही बदल केला, अगदी एखादे स्वच्छतागृह सरकवले, तरी सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यावा, कारण शेवटच्या तपासणीत अधिकारी मंजूर नकाशा उघडून भिंत न भिंत ताडून पाहतो.

काम संपल्यावर अग्निशमनचे अंतिम प्रमाणपत्र आणि मग बीयू, म्हणजे इमारत वापराची परवानगी, मिळवावी. राजकोटच्या गेम झोनमधल्या 25 मे 2024 च्या आगीनंतर राज्यभर शाळांमध्ये याच दोन कागदांची विचारणा झाली. बीयूची मूळ प्रत ट्रस्टच्या कपाटात ठेवावी, एक प्रत बोर्डाच्या अर्जाला जोडावी आणि एक मुख्याध्यापकांच्या खोलीत फ्रेम करून लावावी. अग्निशमन प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची तारीख त्याच फ्रेमखाली ठळक लिहावी.