कुंडलिनी जागी झाली म्हणण्याआधी या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सकाळच्या योगवर्गात नवा माणूस आला की आठवड्याभरात विचारतो, "सर, कुंडलिनी कधी जागी होते?" म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेली मानतात ती शक्ती. रात्री जेवण अकराला, झोप पाच तास, आणि विचारायचं थेट सहस्रारचं, म्हणजे माथ्यावरच्या शेवटच्या चक्राचं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मुंग्यांना अनुभव समजणं. अंबडच्या एका कारखान्यातला मुलगा मोबाईलवर बघून घरी अर्धा-पाऊण तास भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, करायचा. एके दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच कोपऱ्यात बसला. मी पोचलो तेव्हा ओठ बधिर, आणि दोन्ही हातांची बोटं मोदकाच्या कळ्या जुळवताना होतात तशी एकत्र आखडलेली. "उठली, सर!" म्हणाला. काही उठलं नव्हतं. जोरजोरात श्वास फेकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मुंग्या येतात, स्नायू आखडतात. त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि सावकाश श्वास सोडायला लावला. दहा-बारा मिनिटांनी बोटं सुटली, मग तो घाबरून रडला. वायू सिंह-हत्ती-वाघासारखा हळूहळूच वश होतो, नाहीतर साधकाचाच घात करतो, हे हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय. तेव्हापासून माझ्याकडे पहिले तीन महिने कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही. फक्त नाडीशोधन, म्हणजे एकेका नाकपुडीने आलटून-पालटून श्वास, आणि घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर थांबा, डॉक्टरकडे जा.

दुसरी चूक चक्रांच्या, म्हणजे योगात देहात कल्पिलेल्या शक्तिस्थानांच्या, रंगांची. इंद्रधनुष्याचे सात रंग चक्रांना चिकटले ते विसाव्या शतकात, पश्चिमेकडे. पूर्णानंदांच्या १५७७ च्या षट्चक्रनिरूपण या संस्कृत ग्रंथात मणिपूराच्या, म्हणजे नाभीपाशी असलेल्या चक्राच्या, दहा पाकळ्या काळ्या मेघासारख्या आहेत, आत अग्नीचा त्रिकोण, बीज, म्हणजे त्या चक्राचा एकाक्षरी मंत्र, 'रं'. सहस्राराखालच्या सहा चक्रांच्या पाकळ्या मोजा: ४, ६, १०, १२, १६, २. बेरीज ५०, म्हणजे मातृकेची, संस्कृत वर्णमालेची, ५० अक्षरं. चक्र हा शरीरात सापडणारा अवयव नव्हे. न्यासाने (मंत्र म्हणत देहाच्या जागांना स्पर्श करून), बीजाने, ध्यानाने ती जागा रोज उभी करावी लागते, म्हणून तर निरनिराळ्या परंपरांत संख्याही वेगळी. पोटावर पिवळा दिवा कल्पून पाच मिनिटांत 'मणिपूर उघडलं' म्हणणाऱ्यांनी निदान बीज तरी नीट म्हणावं.

तिसरी चूक शब्दांची: कोश, म्हणजे माणसाचे अन्नमय, प्राणमय असे पाच देह, आणि कंचुक, म्हणजे जीवाला मर्यादित करणारी बंधनं, एक नव्हेत. पंचकोश तैत्तिरीय उपनिषदातून आले, कंचुक काश्मीर शैवदर्शनातले.

कोश म्हणजे कांद्याचे पापुद्रेही नव्हेत. लासलगावच्या जिल्ह्यात हा दाखला पटकन सुचतो, पण उपनिषद सांगतं की प्राणमय देह अन्नमय देहाला आतून भरून असतो, त्याच माणसाच्या आकारात. म्हणून पोट बिघडलं की श्वास बिघडतो. एक थर सोलून पुढच्यावर जाता येत नाही.

त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीला जाणाऱ्या साधकांना मी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय क्रमाने वाचायला सांगतो. तिथे आधी जागा, मग आसन, मग बंध (शरीराचे ठरावीक भाग आवळणं), आणि त्यानंतर कुंडलिनी.

चहा पिऊन कपालभाती करू नका. जेवणानंतर चार तास जाऊ द्या.