म्हाताऱ्या मांजरीला भूल द्यायची की नाही, कसं ठरवायचं

"वय झालंय हो तिचं, आता कशाला चिरफाड" असं घरचे बोलतात, शेजारचे बोलतात, कधीकधी डॉक्टरपण बोलतात. पण नुसत्या वयाकडे बघून नाही म्हणू नका. ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झालेला, 2008 साली छापून आला, त्यात भूल दिल्यामुळे दगावलेल्या मांजरी तब्येतीने ठीक असलेल्यांत साधारण 900 मध्ये 1 होत्या आणि आजारी असलेल्यांत 70 मध्ये 1. बारा वर्षांच्या पुढच्या मांजरींना धोका साधारण दुप्पट निघाला, म्हणजे वय मोजायचंच, पण आजार त्याहून कितीतरी जड पडतो. म्हणून विचारायचं ते हे की आत काय लपलंय.

त्याच्याही आधी डॉक्टरांना सरळ विचारा, ऑपरेशन नाही केलं तर सहा महिन्यांत काय होईल? गर्भाशयात पू झाला असेल तर विचार करत बसायला वेळच नसतो. स्तनाची गाठ मांजरीत बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते, 2 सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर बरं, पण आधी छातीचा एक्स-रे करा, फुफ्फुसात पसरलं असेल तर गाठ कापून तिला फक्त टाके मिळतील. सुई घालून तपासलेली साधी चरबीची गाठ, जी तिला त्रास देत नाही, ती राहू द्या. आणि दात! सडके दात असलेली मांजर जेवते म्हणून लोक निवांत असतात, पण ती एका बाजूने चावते, कोरडे दाणे तोंडातून टाकते, तोंडाला वास मारतो. आमची चौदा वर्षांची होती तेव्हा काढले, त्यानंतर बाई परत स्वतःला चाटून साफ करायला लागली, तोपर्यंत आम्ही त्याला म्हातारपण समजत होतो.

आता तपासण्या. रक्ताच्या रिपोर्टमध्ये फक्त क्रिएटिनिन बघून किडनी ओके म्हणत असतील तर लघवीची तपासणी पण मागा, कारण क्रिएटिनिन बरीचशी किडनी गेल्यावरच वाढतं. ब्लड प्रेशर, शुगर आणि थायरॉइडची टी४ पण करा, खूप खाऊनही बारीक होत चाललेली मांजर असेल तर टी४ हमखास, आणि थायरॉइड वाढलेला निघाला तर शक्य असेल तिथे आधी गोळ्यांनी आटोक्यात आणून मग ऑपरेशन. हृदयाचं जरा फसवं असतं, स्टेथोस्कोपने आवाज नॉर्मल असूनही आजार असू शकतो आणि जास्तीचा आवाज येऊनही नसू शकतो, त्यामुळे शंका असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. घरी एक गोष्ट फुकटात होते: ती गाढ झोपलेली असताना पोट वर-खाली होतं ते 30 सेकंद मोजा, दुप्पट करा, सतत 30 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

इको सगळ्या क्लिनिकमध्ये नसतो. दुसरं मत हवं असेल तर ठाणे, नवी मुंबईवाल्यांना परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल आणि महालक्ष्मीला 2024 मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं हॉस्पिटल आहे. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ओरडून ओरडून तिचं बीपी वाढतं, म्हणून निघायच्या आधी गॅबापेंटिन (शांत करणारं औषध) देता येईल का विचारा, डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा.

क्लिनिकमध्ये लाजू नका, विचारा. सर्जन कापत असताना भुलीवर लक्ष कोण ठेवणार? श्वासनळीत नळी घालून आयसोफ्लुरेनवर (भुलीचा गॅस) ठेवणार की नुसतं इंजेक्शन? बीपी मोजणार का, अंग गरम ठेवायला काय आहे, सलाईन हळू सोडणार ना (हृदय कमजोर असेल तर जास्त सलाईनचं पाणी फुफ्फुसात भरतं), आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का. शुक्रवारी मेंटेनन्सला लाईट जाते त्या भागात तर हे विचाराच. नीट उत्तर न देता "काही होत नाही हो" म्हणणाऱ्याकडे मी तरी म्हातारी मांजर देणार नाही.

वेळ सकाळची घ्या. त्या ब्रिटनच्या अभ्यासात भुलीने गेलेल्या मांजरींपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशन संपल्यावर गेल्या, त्यातही बऱ्याच पहिल्या तीन तासांत, त्यामुळे अर्धवट शुद्धीत असताना "घेऊन जा" म्हणाले तर ऐकू नका. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची गरज बहुतेकदा नसते, किती तास ते डॉक्टरांकडून घ्या, पाणी काढू नका. डायबिटीस असेल तर खाणं आणि इन्सुलिनचं वेगळं विचारून घ्या.

घरी आणल्यावर खाली जमिनीवर गादी, खिडकीच्या कट्ट्यावर अजिबात नाही, लिटर ट्रेमध्ये बारीक दाण्यांऐवजी फाडलेला पेपर म्हणजे टाक्यांना चिकटत नाही. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर फोन करा, जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की लिव्हरमध्ये चरबी साठते. पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. मेलोक्सिकॅम (दुखण्यावरचं औषध) उरलंय म्हणून मनाने परत देऊ नका, किडनी जाते.

एक गोष्ट सहीच्या फॉर्मआधी उरकून घ्या. पोट उघडल्यावर सगळीकडे पसरलेलं दिसलं तर तिला उठवायचं की तिथेच झोपेत जाऊ द्यायचं, हे आदल्या दिवशी घरात बोलून डॉक्टरांना सांगून ठेवा, ऐनवेळी पाच मिनिटांत फोनवर हे ठरत नाही, आणि त्या दिवशी फोन सायलेंटवर ठेवू नका.