शंट बसवल्यावर घरच्यांनी काय बघायचं

मेंदूभोवतीचं पाणी रोज साधारण अर्धा लिटर तयार होतं, पण एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून असतं जेमतेम १५० मिली. बाकीचं शरीर शोषून घेतं. हा निचरा अडला की शंट बसवतात: मेंदूच्या पोकळीत एक नळी, बहुधा कानामागे व्हॉल्व्ह (किती पाणी जाऊ द्यायचं ते ठरवणारी झडप), आणि तिथून कातडीखालून मान-छातीवरून पोटात उतरलेली दुसरी नळी. यातून कधी पाणी जास्त निघतं, कधी कमी. नेमकं काय होतंय याचा पहिला अंदाज बऱ्याचदा घरातच येतो.

त्यासाठी एक वही करा. डोकं किती दुखतंय ते ० ते १० मध्ये चार वेळा लिहा: सकाळी अंथरुणातच, उठून बसल्यावर अर्ध्या तासानं, दुपारी आणि झोपताना.

उभं राहिल्यावर दुखणं वाढतं आणि आडवं पडल्यावर थोड्या वेळात उतरतं, तर पाणी जास्त निघत असण्याची शक्यता मोठी. टाकीतून नळीनं पाणी काढताना नळीचं टोक जितकं खाली धरावं तितकी धार वाढते. उभ्या माणसाच्या डोक्यापासून पोटापर्यंतच्या नळीत हेच होतं. मेंदू कवटीपासून सुटतो, मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि एखादी तुटली तर रक्त साचतं. उतारवयात मेंदू थोडा आक्रसलेला असतो, म्हणून धोका जास्त. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनना आधीच सांगा. गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका. असं रक्त कधी कधी काही आठवड्यांत हळूहळू साचतं, म्हणून साधं घसरून डोक्याला लागलं तरी डॉक्टरांना दाखवा. सुस्ती, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूचा अशक्तपणा दिसला तर सीटी स्कॅन त्याच दिवशी. व्हॉल्व्ह प्रोग्रॅमेबल असेल तर त्याचा दाब बाहेरून चुंबकानं वाढवता येतो, म्हणजे पाणी कमी निघतं. रक्त मोठं असेल तर ऑपरेशन लागतं.

उलट, पहाटे झोपूनच डोकं ठणकतं, उलटी होते, नजर धूसर किंवा दुहेरी होते, तर नळी तुंबल्याची शंका घ्या. वयस्कर माणसाचं डोकं मात्र दुखेलच असं नाही. त्यांचा मूळचाच त्रास परततो: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न धरवणं, विसर. ‘वय झालं’ म्हणून हे सोडून देतात, आणि इथेच महिने वाया जातात. ऑपरेशननंतर चाल सुधारली की खुर्चीतून उठणं, ३ मीटर चालणं, वळून परत येऊन बसणं याला किती सेकंद लागतात ते मोजा आणि व्हिडिओ काढा. दर महिन्याला तेच करा. वेळ वाढत गेली तर तीच फीत डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठतेकडेही लक्ष द्या: पोटातला दाब वाढला की नळीतून पाणी कमी उतरतं. व्हॉल्व्ह स्वतः दाबून बघू नका.

जंतुसंसर्ग बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत होतो आणि जंतू बहुधा कातडीवरचेच असतात. ताप, नळीच्या वाटेवर लाली, टाक्यातून पाणी किंवा पू, पोटदुखी: यातलं काहीही दिसलं तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका. जंतू तपासणीत सापडत नाही आणि उपचार चुकतो. बहुधा शंट काढून मेंदूतलं पाणी नळीनं बाहेरच्या पिशवीत सोडतात, शिरेतून औषध देतात आणि पाणी स्वच्छ झाल्यावर नवा शंट बसवतात.

ती पिशवी असताना तिची उंची कानाच्या छिद्राच्या रेषेवरून ठरवलेली असते. पलंग वर-खाली करण्याआधी किंवा रुग्णाला बसवण्याआधी नर्सला नळी बंद करायला सांगा, नंतर उघडली की नाही तेही विचारा. डोक्याच्या मानानं पिशवी खाली गेली तर काही मिनिटांत नको तितकं पाणी वाहून जातं.

व्हॉल्व्हचं मॉडेल आणि सेटिंग लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. एमआरआयआधी ते दाखवा आणि नंतर सेटिंग तपासून घ्या, कारण काही व्हॉल्व्ह त्या चुंबकानं बदलतात. मोबाईल आणि हेडफोन व्हॉल्व्हपासून वीतभर लांब, म्हणजे फोन दुसऱ्या कानाला.

माणूस जागा होईना, झटका आला, उलट्यांबरोबर गुंगी आली, तर १०८ ला ‘डोक्यात शंट आहे’ असं सांगा आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा. सोबत ऑपरेशननंतरच्या सीटीची फिल्म न्या. काही प्रौढांत शंट नीट चालत असूनही पोकळ्या मोठ्याच दिसतात. जुनी फिल्म शेजारी असेल तरच फरक कळतो.