कीबोर्डवर सरगम: अंगठा खालून न्या

कीबोर्डवर दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीला लागून डावीकडे जी पांढरी पट्टी असते, ती पांढरी एक. तिला सा माना. पुढच्या सा पर्यंत स्वर आठ आणि बोटं पाच, त्यामुळे नवशिके मवर अडखळतात किंवा हात उचलून उडी मारतात. ही उडी पहिल्याच आठवड्यात सोडा, कारण नंतर ती हातातून जाता जात नाही.

उजव्या हाताचा अंगठा सावर, तर्जनी रेवर, मधलं बोट गवर. ग वाजत असतानाच अंगठा तळहाताखालून सरकवून मवर आणा. मग प, ध, नी ओळीने येतात आणि वरचा सा करंगळीला मिळतो. उतरताना मवर अंगठा आला की मधलं बोट त्याच्यावरून गवर टाका. मनगट सैल ठेवा, कोपर बाहेर फेकू नका.

मेट्रोनोम, म्हणजे ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्याला एकच स्वर वाजवा. रोज दहा मिनिटं पुरेत. आणि हो, सगळ्या पट्ट्यांचे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोझचं बटण सध्या शून्यावरच असू द्या, नाहीतर पट्टी एक आणि कानाला स्वर दुसराच.